कार्व्हर ठाऊक आहेत, टर्नर ठाऊक आहेत का?

जोंधळा

भाच्याला शाळेत एका शास्त्रज्ञावर पाच मिनिटं बोलायचं होतं. घरात सगळ्यांनी एका सुरात 'कार्व्हर' म्हटलं आणि विषय मिटला. मराठी घरात तो असाच मिटतो. पण भाषण लिहून देताना माझी गाडी एका शब्दावर अडली. कार्व्हर ज्यांच्यासाठी राबले, १९०६ साली ज्यांच्या बांधापर्यंत त्यांची खेचरं जुंपलेली ती फिरती शाळा गेली, ते अलाबामातले बरेचसे शेतकरी 'शेअरक्रॉपर' होते. म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसणारे. आमच्याकडे याला अर्धलीनं करणं म्हणतात, कुठे बटईनं, कुठे निम्म्यानं. माझे आजोबा हेच करायचे, म्हणून शब्द जरा जास्तच टोचला.

मग डोक्यात आलं, की या अर्धलकऱ्यांच्या पोरांतून कुणी शास्त्रज्ञ निघाला की नाही? निघाला. थॉमस वायट टर्नर. वनस्पतिशास्त्रात पीएचडी मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. त्याच्याबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नाही, म्हणून हा धागा.

आधी त्या अर्धलीबद्दल. गुलामगिरी संपली, पण जमीन होती तिथंच राहिली. १८६५च्या जानेवारीत जनरल शर्मनच्या हुकमानं दक्षिणेच्या किनारपट्टीवरची काही जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना द्यायची ठरली, कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती बहुतेक सगळी जुन्या मालकांना परत केली. मग जमीन मालकाची, खेचर मालकाचं, बी मालकाचं, आणि हात कसणाऱ्याचे. पीक आलं की साधारण निम्मं मालकाला. वर्षभराचं पीठ, मीठ, कापड उधारीवर, उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा, आणि उभ्या पिकावर त्याचा बोजा. वर्षाअखेरीला हिशेब. हिशेबाची वही कुणाकडे, ते सांगायला नको. ज्याला लिहिता-वाचता येत नाही तो वहीशी भांडणार कसा?

टर्नरचा जन्म मेरीलँड राज्यातल्या ह्यूजव्हिलचा, १६ मार्च १८७७. हा महिना लक्षात ठेवण्यासारखा आहे. याच महिन्यात रदरफर्ड हेज अध्यक्ष झाले आणि पुढच्याच महिन्यात दक्षिणेतल्या राज्यांच्या कारभारामागे उभं असलेलं केंद्राचं सैन्य हललं. गुलामगिरीनंतर काळ्या लोकांना मिळालेला थोडाफार आधार संपला तो इथं. नऊ भावंडांतला हा पाचवा. आईवडील वाट्यानं जमीन कसणारे. आणि घर कॅथलिक. हे कॅथलिक असणं पुढे वनस्पतिशास्त्राइतकंच महत्त्वाचं ठरतं.

कॅथलिक शाळेनं त्याला घेतलं नाही, कातडीच्या रंगामुळे. शिकला तो एपिस्कोपल पंथाच्या शाळेत, म्हणजे शेजारच्या देवळात. तिथून वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ, १९०१ साली पदवी. मग कॅथलिक विद्यापीठात पुढचं शिक्षण सुरू केलं, पण पैसे पुरले नाहीत. तेवढ्यात बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगीला, म्हणजे अलाबामातल्या आपल्या काळ्या मुलांच्या संस्थेत, शिकवायला बोलावलं. म्हणजे १९०१-०२ मध्ये एकाच आवारात दोन वनस्पतीवाले होते: १८९६ पासून तिथं असलेले कार्व्हर, आणि हा चोवीस वर्षांचा नवा मास्तर. दोघांची ओळख किती होती यावर कादंबरी लिहायचा मोह होतो, पण आवरतो.

टर्नर वर्षभरात बाल्टिमोरला आला. तिथं काळ्या मुलांच्या शाळेत मास्तरकी, ती करत करत १९०५ला हॉवर्डची एम.ए. १९०९ला एनएएसीपी ही नागरी हक्कांची संघटना उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या सभासदांत हा, आणि बाल्टिमोर शाखेचा पहिला चिटणीसही हाच. १९१३ला हॉवर्डमध्ये वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. वरून शिक्षणशास्त्र विभागाचं अधिष्ठातापद. १९१८ला सरकारच्या कृषी खात्यासाठी मेन राज्यातली बटाट्याची शेतं तपासायला गेला. आणि १९२१ला कॉर्नेलची पीएचडी. वय चव्वेचाळीस. पदवी आणि पीएचडीमध्ये वीस वर्षं.

ही वीस वर्षं मला सगळ्यात जास्त बोलकी वाटतात. कार्व्हरांच्या गोष्टीत चमत्काराची चव आहे. पहाटेचं रान, देवाशी बोलणं, एका शेंगेतून शेकडो वस्तू. ती गोष्ट पोरांना सांगायला सोपी जाते. टर्नरच्या गोष्टीत मात्र तास घेणं, पेपर तपासणं, सभेचं इतिवृत्त लिहिणं, पगार वाचवणं, रजा मागणं हेच फार आहे. भाच्यानं पाच मिनिटांत जांभई दिली असती. भाषण शेवटी कार्व्हरांवरच झालं, हे कबूल करतो.

रानभूल

जोंधळा, छान ओळख. एक शंका. पहिला कृष्णवर्णीय पीएचडी म्हणून मी दुसरंच नाव वाचलं होतं.

जोंधळा

बरोबर वाचलंय. एडवर्ड बूशे, येल, १८७६, भौतिकशास्त्र. टर्नर जन्मायच्या आदल्या वर्षी. टर्नर पहिला तो फक्त वनस्पतिशास्त्रात. प्राणिशास्त्रातली पीएचडी अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांची, शिकागो, १९१६, पण तिथं ते पहिले नव्हेत. हे जस्ट हॉवर्डला टर्नरचेच सहकारी. एका विद्यापीठात एक प्राण्यांच्या अंड्यांमागे लागलेला, दुसरा रोपांच्या मुळांमागे, आणि दोघांच्याही गळ्यात शिकवण्याचं जोखड.

पाटपाणी

कृषी पदवीधर असल्यानं मला त्याच्या प्रबंधात रस. विषय काय होता? 'पहिला' वगैरे ठीक आहे, पण माणसानं केलं काय हे कुणी सांगत नाही.

जोंधळा

प्रबंधाचा विषय: क्षारांचा रोपाच्या वरच्या वाढीवर आणि मुळाच्या वाढीवर काय परिणाम होतो, या दोघांचं प्रमाण कसं बदलतं. १९२२ला अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनीत लेखही आला. त्यापुढचं तुम्हीच समजावून सांगा, मी वाणिज्य शाखेचा.

पाटपाणी

अरे वा, हा तर आमच्या रोजच्या कामाचा विषय निघाला!

सोप्यात सांगतो. रोप पानांत साखर बनवतं. ती साखर वर शेंड्याला जायची की खाली मुळीला, याची सतत वाटणी चालू असते. जमिनीत नत्र कमी असलं की रोप मुळीवर जास्त खर्च करतं, कारण अन्न शोधायला खाली जायला हवं. नत्र भरपूर दिलं की शेंडा सुटतो, पाला माजतो, आणि त्या मानानं मुळी मागे पडते. टर्नरनं याचं कारण मांडलं ते असं: नत्र वाढलं की वरची वाढ साखर जास्त ओढून घेते, वापरून टाकते, म्हणून मुळांपर्यंत कमी पोचते. नत्र काही मुळीला मारत नाही, मुळीचा वाटा वरच खाल्ला जातो. शंभर वर्षांनंतर आज चित्र बरंच गुंतागुंतीचं झालंय, संप्रेरकं आली, जनुकं आली, पण ही साखरेच्या वाटणीची कल्पना अजून पाठ्यपुस्तकात भेटते.

आमच्याकडचं उदाहरण: युरियाची गोणी स्वस्त मिळते म्हणून गव्हाला ओतायचा. पीक हिरवंगार, बांधावरून बघणारा खूश. मग एक वारं येतं आणि सगळं लोळतं. वर डोलारा, खाली जोर नाही. ताट लोळण्यात खोडाचा ठिसूळपणाही असतो, सगळं खापर मुळांवर फोडू नका.

अळूवडी

थांबा थांबा. वाट्यानं शेती करणाऱ्याचा मुलगा, आणि संशोधन काय तर वरच्यानं खालच्याचा वाटा कसा खाल्ला! हे मुद्दाम तर नाही ना?

वेताळटेकडी

अळूवडी, कविता आवरा. नत्राचे प्रयोग त्या काळी जगभर चालले होते, जमीनदारांची पोरंही करत होती.

आणि जोंधळा, राग मानू नका, पण नीट बघितलं तर हा माणूस चांगला शिक्षक आणि त्याहून चांगला कार्यकर्ता. शास्त्रज्ञ म्हणून जमेच्या बाजूला एक प्रबंध, एक नावाजलेला लेख. गरिबीतून आला म्हणून आपण मापात सूट देतोय का? जस्ट यांच्या कामाशी तुलना करा, तिथं लेखांची रास आहे.

जोंधळा

राग कशाला. प्रश्न रास्त आहे, मलाही पडला होता.

मापात सूट देऊ नका, पण मापाला तराजू कुठला लावताय ते बघा. १९२४ला टर्नर व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला गेले आणि १९४५पर्यंत जीवशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला. काचबिंदूनं नजर गेली म्हणून निवृत्त व्हावं लागलं, नाहीतर अजून राहिले असते. काळ्या लोकांच्या महाविद्यालयात तेव्हा संशोधनाला ना पैसा, ना वेळ, ना काचपात्रं. गोऱ्या विद्यापीठांत काळ्या प्राध्यापकाला नोकरीच नाही. तुम्ही ज्या जस्ट यांचं नाव घेतलंत, त्यांनाही आपलं बरंचसं काम वुड्स होलच्या उन्हाळी प्रयोगशाळेत करावं लागलं, आणि शेवटी कंटाळून ते युरोपात गेले. १९३१ला टर्नरनी व्हर्जिनियातल्या विज्ञान-प्राध्यापकांची परिषद उभी केली, दोनदा तिचे अध्यक्ष झाले. याचे लेख मोजता येत नाहीत.

तरी तुमचा अर्धा मुद्दा मान्य. जस्ट हे संशोधक म्हणून मोठे. टर्नर मला आवडतात ते मोठे होते म्हणून कमी, आणि शेवटपर्यंत चिवट होते म्हणून जास्त.

पोटोमॅककर

हा धागा बघून उडालोच. मी मेरीलँडच्या दक्षिण भागात राहतो, ह्यूजव्हिल आमच्यापासून गाडीनं जवळ. मराठी मंडळी इकडे आहेत बरीच, पण या बाजूला शनिवारी भाजी घ्यायलाच काय ती येतात. मलाही टर्नर हे नाव आज कळतंय.

इथल्या जमिनीबद्दल दोन गोष्टी घालतो. हा कापसाचा मुलूख नव्हे, तंबाखूचा. रस्त्यानं जाताना जुनी तंबाखूची कोठारं दिसतात, भिंतीच्या उभ्या फळ्या एकाआड एक उघडता येतात, हवा खेळून पानं वाळावीत म्हणून. ह्यूजव्हिलमध्ये लिलावाची गोदामं होती. सिगारेट कंपन्यांशी १९९८ला जी तडजोड झाली, त्या पैशातून राज्यानं पुढे शेतकऱ्यांना तंबाखू सोडण्याचे पैसे दिले आणि बहुतेकांनी सोडली. आता कोठारं आहेत, तंबाखू नाही. काही कोठारांत लग्नं लागतात.

दुसरी गोष्ट, शेतमजूर माणूस कॅथलिक कसा? मेरीलँडची वसाहत १६३४ला इंग्लंडच्या कॅथलिकांसाठी वसली. जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री स्वतः मोठे जमीनदार, आणि त्यांच्याकडे गुलाम. त्या गुलामांना बाप्तिस्मा. १८३८ला याच जेझुइटांनी २७२ माणसं लुइझियानाला विकली, आणि त्या पैशातून जॉर्जटाऊनचं कॉलेज कर्जातून वर आलं. म्हणजे टर्नर ज्या चर्चच्या दारात बसत होते त्या चर्चशी इथल्या काळ्या कुटुंबांचं नातं किती जुनं, ते बघा.

अजून एक. लिंकनचा १८६३चा मुक्तीचा जाहीरनामा मेरीलँडला लागूच नव्हता, कारण हे राज्य यादवी युद्धात देशातून फुटून निघालेलं नव्हतं. इथं गुलामगिरी गेली ती १ नोव्हेंबर १८६४ला, राज्याच्या नव्या घटनेनं.

रानभूल

पोटोमॅककर, हे भारी. मग त्या चर्चच्या प्रकरणाचं पुढे काय झालं? जोंधळ्यांनी वर 'महत्त्वाचं ठरतं' म्हणून सोडून दिलंय.

जोंधळा

सोडलं कारण राग येतो. सांगतो.

कॅथलिक शाळा नाही, सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, काळ्या मुलांना जागा नाही, आणि ज्या कॅथलिक विद्यापीठात टर्नर स्वतः जाऊन आले तिथंही पुढे काळ्यांना दार बंद झालं, ते १९३०च्या दशकात पुन्हा उघडलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात टर्नरनी मूठभर लोक जमवून बिशपांना पत्रं लिहायला सुरुवात केली. त्यातून १९२०च्या दशकात काळ्या कॅथलिकांची महासंघटना उभी राहिली. अध्यक्ष टर्नर. मागणी सरळ: आमचीच चर्च आहे, आम्हाला वेगळं काही नको, आत घ्या.

मग दोन जेझुइट पाद्री आले मदतीला, जॉन लाफार्ज आणि विल्यम मार्को. भले लोक, वर्णभेदाच्या विरोधातलेच. त्यांचं म्हणणं, फक्त काळ्यांची संघटना का? गोरे-काळे मिळून 'आंतरवर्णीय' करू. टर्नरचं म्हणणं, मिळून करायला हरकत नाही, पण आमच्या प्रश्नाची सूत्रं आमच्या हातात राहू द्या. १९३२ला भांडण फुटलं. नाव बदललं, मुखपत्र हातातून गेलं, टर्नर अध्यक्षपदावरून बाजूला झाले.

लाफार्ज यांचं नाव आज चळवळीच्या इतिहासात आदरानं घेतलं जातं, आणि घ्यावंही. पण मला वाटतं त्या भांडणात टर्नर बरोबर होते. जो जमीन कसतो त्याला वही बघू न देता 'तुझ्या भल्याचं मीच लिहितो' म्हणणाऱ्यांचा अनुभव त्यांनी लहानपणापासून घेतला असणार. हा माझा तर्क, इतिहास नव्हे.

अळूवडी

आता कविता कोण करतंय!

जोंधळा

मान्य. :)

माळावरचा

वाचतोय, शांतपणे. पण टस्कीगीचं नाव आलं आणि कुणीच ती दुसरी गोष्ट काढली नाही याचं नवल वाटलं.

त्याच टस्कीगीत, त्याच मेकन काउंटीतल्या वाटेकरी शेतकऱ्यांवर अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं १९३२ ते १९७२ सिफिलिसचा 'अभ्यास' केला. सुमारे ६०० काळे पुरुष, त्यातले ३९९ रोगी. त्यांना रोगाचं नाव सांगितलं नाही, 'रक्त खराब आहे' म्हटलं. बदल्यात फुकट जेवण, तपासणी, आणि मेल्यावर दफनाचा खर्च. १९४०च्या दशकात पेनिसिलीन आलं, तेही दिलं नाही. रोग पुढे जाऊन मरणापर्यंत कसा पोचतो ते बघायचं होतं. पीटर बक्सटन नावाच्या कर्मचाऱ्यानं पाठपुरावा करून १९७२ला ते वर्तमानपत्रात आणलं तेव्हा थांबलं. अध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली १९९७ला.

म्हणजे एकाच काउंटीत कार्व्हर त्यांना बी-बियाणं आणि खत सांगत होते आणि सरकारी डॉक्टर त्यांची शरीरं मोजत होते. वाटेकऱ्याचा मुलगा शास्त्रज्ञ झाला याचं कौतुक करताना वाटेकरी स्वतः विज्ञानाच्या कुठल्या बाजूला होते, तेही धाग्यात असू दे.

वेताळटेकडी

माळावरचा, +१. यावर बोलायला काही सुचत नाही.

जोंधळा

माळावरचा, हे मूळ धाग्यात हवं होतं. १९७२ला टर्नर पंच्याण्णव वर्षांचे, हयात होते. त्यांचं निधन २१ एप्रिल १९७८ला, वयाच्या १०१व्या वर्षी. १९७६ला त्याच कॅथलिक विद्यापीठानं, जिथून पैशाअभावी निघावं लागलं होतं, त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. नव्व्याण्णव वर्षांच्या माणसाला! हॅम्प्टनला एका इमारतीला त्यांचं नाव आहे.

पाटपाणी

आपल्याकडेही कूळकायदा १९४८चा, आणि १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानं कूळ मालक झालं. निदान कागदावर. टर्नरच्या मुलखात असा दिवस आलाच नाही ना?

जोंधळा

नाही. तिकडे वाटेकरी जमिनीचा मालक झाला नाही. गाव सोडून उत्तरेच्या शहरांत गेला, किंवा कापूस वेचायचं यंत्र आल्यावर त्याची गरजच संपली.

आपलंही 'कागदावर' हा शब्द बरोबर वापरलात. कायदा येतोय कळल्यावर किती मालकांनी कुळं आधीच हलवली, हे जुन्या माणसांना विचारा. कोकणात अर्धेल देणारी कुळं खोतांविरुद्ध उभी राहिली ती कायद्याच्या कितीतरी आधी. चरीचा संप १९३३ला सुरू झाला, सहा वर्षं चालला. नारायण नागू पाटील पुढे होते, आणि १९३७ला बाबासाहेबांनी खोती मोडण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं.

रानभूल

जोंधळा, सुरुवातीला आजोबांचा उल्लेख करून निसटलात. अर्धलीची वाटणी प्रत्यक्षात कशी व्हायची? मला शहरात वाढल्यामुळे हे कधी बघायला मिळालं नाही.

जोंधळा

मीही बघितलेलं नाही, आईकडून ऐकलंय. ज्वारीची मळणी झाली, वारं देऊन रास लागली, की मालकाचा माणूस यायचा. राशीवर नारळ, मग पायलीनं माप. एक मालकाची, एक आमची, मोठ्यानं मोजत. बियाणं मालकानं दिलेलं असेल तर ते आधी वेगळं काढायचं, आणि ते सवाईनं. तळाला माती-खड्यांत मिसळलेलं जे मातेरं उरायचं ते आजीचं. ती ते पाखडून, निवडून, धुऊन वाळवायची, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे पावसाळ्यातला महिना दीड महिना त्यावर निघायचा.

भांडण धान्यावरून कधीच झालं नाही म्हणे. भांडण व्हायचं कडब्यावरून. मालकाला सगळा कडबा हवा असायचा, आणि आजोबांची बैलजोडी त्यांची स्वतःची होती.

पाटपाणी

कडबा निम्मा मिळायला हवा होता. आमच्याकडे बैल ज्याचे, त्याला कडबा जास्त, असा रिवाज होता.

जोंधळा

आमच्याकडे नव्हता. एका वर्षी आजोबांनी पेंढ्या मोजून अर्ध्या बाजूला काढल्या, आणि पुढच्या पाडव्याला जमीन दुसऱ्याला गेली.